गावडे मॅडम आणि एकोणिसावा प्रश्न

डॉ. शालन गावडे यांनी आमच्या संस्थेत सव्वीस वर्षं आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा विषय शिकवला. या सव्वीस वर्षांत त्या परदेशी एकदाही गेल्या नाहीत. पासपोर्ट होता. त्याचं दोनदा नूतनीकरण झालं, दोन्ही वेळा त्यांनी झेरॉक्स माझ्याकडे नोंदीला दिली आणि दोन्ही वेळा आतली पानं कोरी होती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. हाच विषय शिकवणारे आणखी तिघे आमच्याकडे होते, ते मिळून अकरा देश पाहून आले होते. आणि कुणाच्या तासाला किती मुलं बसतात हेही माझ्याच रजिस्टरात होतं.

मी कोल्हापुरातल्या एका व्यवस्थापन संस्थेच्या कार्यालयात नोंदी ठेवतो. हजेरी, निकाल, सेवापुस्तकं, समित्यांचे ठराव. आकडा जुळला नाही तर मी दोन घास कमी जेवतो, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे. त्यामुळे माणसं मला आधी कागदावर कळतात, मग प्रत्यक्षात. गावडे मॅडमचं उलटं झालं. त्या आधी कानावर आल्या. जिन्याखालून आवाज आला, “चौगुले कोण हो इथं?” मी उभा राहिलो.

“हजेरीचं एक जादा पुस्तक द्या.”

“एका वर्गाला एकच पुस्तक असतं, मॅडम.”

“एकात कोण आलंय ते लिवतो. दुसऱ्यात कोण बोललंय ते लिवायचं हाय.”

आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल ‘मी आलो, मी लिवतो’ असंच बोलत. इंग्रजी उत्तम, वर्गात प्रमाण मराठीही येई. पण कार्यालयाचा उंबरा ओलांडला की त्यांच्या गावची, चंदगडची बोली सुरू. बुटक्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. छत्री त्यांच्याकडे मी कधी पाहिली नाही. कोल्हापुरात धो धो कोसळत असताना त्या भिजत आत यायच्या आणि म्हणायच्या, “ह्याला पाऊस म्हणता व्हय तुमी?” चंदगडच्या माणसाला आमचा पाऊस म्हणजे शिंतोडे. बैठकीत कुणी म्हणालं, ‘उद्योगांना असे विद्यार्थी हवेत’ किंवा ‘मुलांना हा बदल आवडला आहे’, की टेबलाच्या टोकाकडून त्यांचा एकच प्रश्न यायचा, “कुणाला इचारलं?” सव्वीस वर्षांच्या इतिवृत्तांत हा प्रश्न मी एकदाही नोंदवलेला नाही. नोंदवावा असं कुणी सांगितलं नाही.

ते दुसरं पुस्तक मी दिलं, आणि पुढे दर वर्षी देत गेलो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी एका महिन्याचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि पहिल्यांदाच बेरीज करायला सांगितली. वर्गात साठ मुलं. जे काही बोलणं झालं होतं, त्यातलं जवळजवळ सगळं नऊ मुलांनी केलं होतं. ती नऊही पहिल्या दोन बाकांवर बसणारी, इंग्रजी शाळेतून आलेली. एकवीस मुलांच्या नावापुढे एकही खूण नव्हती, आणि त्या एकविसांची हजेरी त्या नवांपेक्षा चांगली होती. वर्गातल्या सहभागाला आमच्याकडे वीस गुण असतात. वीस गुण म्हणजे पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग यांतलं अंतर, हे मी हजारो गुणपत्रिका पाहून सांगू शकतो.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी नियम केला. एकदा बोललं, की आणखी चौघे बोलेपर्यंत गप्प बसायचं. भाषा कुठलीही चालेल, मराठी, कन्नड, हिंदी. इंग्रजी करून द्यायला त्या होत्या. पहिले तीन तास वर्गात फक्त पंखा ऐकू येत होता. चौथ्या तासाला पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठून थेट डायरेक्टर सरांकडे गेला. सरांनी मॅडमना बोलावलं. मी त्या वेळी सह्या घ्यायला आत होतो.

“मॅडम, तो म्हणतोय हे इन्क्लुजनच्या विरुद्ध आहे. त्याला गप्प बसवलं जातंय.”

“गप्प न्हाय बसवलं, सर. रांगंत उभा केलाय. कधी रांगंत उभा ऱ्हायला नसंल, म्हणून लागलंय त्याला.”

त्या एकवीस मुलांत यंत्रमागांच्या कबनूर गावची रेश्मा होती. तिच्या नावापुढे पहिली खूण पडायला सहा आठवडे लागले. युरोपातल्या खरेदीदाराने कापडाची ऑर्डर रद्द केली तर इथे काय काय होतं, असा प्रश्न होता. चौघांचे पुस्तकातले चार परिणाम सांगून झाले आणि रांग पुढे सरकत तिच्यापाशी आली. ती उभी राहून मराठीत म्हणाली, “मॅडम, ऑर्डर गेली की आदुगर माग थांबत न्हाईत. आदुगर कांडीवाल्या बायकास्नी उद्यापास्नं येऊ नका म्हणत्यात. माझी आई कांडी भरती. ऑर्डर गेल्याली तिला पयलं कळतं, पेपरात मागनं येतं.” कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायची सुताची छोटी गुंडाळी, यंत्रावर ती भरायचं आणि तुटलेला धागा गाठायचं काम बहुतेक बायकाच करतात. मॅडमनी तिचं उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत फळ्यावर लिहिलं, खाली रेश्माचं नाव लिहिलं, आणि त्या दिवशी फळा पुसू दिला नाही.

याच सुमाराला संस्थेला परदेशी मानांकन घ्यायची ओढ लागली. बाहेरच्या एका मंडळाचा बेचाळीस पानी अर्ज आला. त्यातली सहा पानं विविधता, समता आणि समावेशन यांबद्दल होती. तशी समिती आहे का, असा पहिलाच प्रश्न होता. नव्हती, म्हणून दुपारी स्थापन झाली. ठराव मीच लिहिला. सात सदस्य, सातही पुरुष, पाच जण एकाच तालुक्यातले आणि त्यांतले तिघे एकमेकांचे पाहुणे. टाइप करताना मी हे दबक्या आवाजात डायरेक्टर सरांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, “मग गावडे मॅडमना घ्या आठव्या. त्या सगळ्या रकान्यांत बसतील.” खरोखरच बसल्या. महिला, ग्रामीण, डोंगरी तालुका, घराण्यातली पहिली पदवीधर. चार रकाने एका नावात भागले.

समितीच्या पहिल्या बैठकीत रॅम्पची पाहणी झाली. रॅम्प बांधून दोन वर्षं झाली होती आणि त्यावर शोभेच्या चौदा कुंड्या ठेवलेल्या होत्या. कुंड्या हलवून फोटो काढावा आणि फोटो झाल्यावर त्या परत ठेवाव्यात, असं एकमताने ठरलं. मॅडम विरोधात होत्या, पण त्यांचं मत एकमतात कसं मोडत नाही हे मला ठराव लिहिताना शिकायला मिळालं.

पुढचा रकाना होता आंतरराष्ट्रीय विद्यार्थी. आमच्याकडे एकही नव्हता. डायरेक्टर सरांनी मला विचारलं, “चौगुले, निपाणी-बेळगावकडची किती मुलं आहेत?”

“अकरा, सर.”

“त्यांना सीमेपलीकडचे म्हणता येईल ना?”

मी म्हणालो की अर्जात सीमा कुठली ते स्पष्ट नाही. एवढ्यात मॅडम म्हणाल्या, “धरा की. आमच्या म्हशी रोज सकाळी कर्नाटकात चरायला जात्यात आन् सांजच्याला माघारी येत्यात. त्याबी धरा. नऊ हाईत.” त्या अकरा मुलांचा विषय तिथेच मिटला. रकान्यात मी शून्य लिहिलं. आजही त्या शून्याचा मला थोडा अभिमान आहे.

अर्जातली सर्वांत अवघड अट होती संयुक्त संशोधनाची. परदेशी विद्यापीठाबरोबर निबंध हवा होता. इथे एरिक सर आले. उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठाचे प्राध्यापक. उंच, सौम्य, फोटो काढण्याआधी परवानगी विचारणारे. लहान कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांना आपण सामावले गेलो आहोत असं वाटतं का, हा त्यांचा विषय. प्रश्नावली त्यांची, माहिती आमची. कबनूरला जाऊन कांडीवाल्या बायकांकडून उत्तरं आणायची आणि त्यावर निबंध लिहायचा. आमच्याकडून लेखक म्हणून गावडे मॅडमचं नाव लागणार होतं.

हे नाव लागणं मॅडमना फार हवं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्या सहयोगी प्राध्यापक होत्या. प्राध्यापकपदासाठी दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा आंतरराष्ट्रीय नियतकालिकातला निबंध नाही म्हणून परत आला. आता तिसरी आणि शेवटची संधी. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. माझ्या टेबलाशी बसून एकदा म्हणाल्या, “चौगुले, मला प्राध्यापक म्हणून घरी जायचंय. आमचं आप्पा पहिल्या दिवसापास्नं गावात सांगत्यात, पोरगी प्रोफेसर हाय. पोस्टमन पत्रावर प्रोफेसर लिवून देतो. सव्वीस वर्षं त्यो म्हातारा खोटं बोलतोय. एकदा खरं करून द्यावं म्हणतो.”

प्रश्नावली आली. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच अशी उत्तरं. एक म्हणजे मुळीच मान्य नाही, पाच म्हणजे पूर्ण मान्य. मॅडमनी ती वाचली आणि एरिक सरांना कळवलं, की यातले प्रश्न आमच्याकडे असे कुणी विचारत नाही, थोडे बदलू द्या. उत्तर आलं की हे प्रश्न अनेक देशांत तपासून पक्के केलेले आहेत, एक शब्दही हलवता येणार नाही. मग चार विद्यार्थिनी कबनूरला गेल्या. रेश्मा त्यांत होती. रस्ते तिच्या ओळखीचे होते. तीन दिवसांत चौसष्ट बायकांची उत्तरं भरून आणली. एकीनेही नाही म्हटलं नाही, एकही रकाना रिकामा नव्हता, प्रत्येक घरी चहा झाला, सात घरी पोहे.

आकडे भरायचं काम माझ्याकडे आलं. सातवा प्रश्न होता, ‘माझ्या कामाच्या ठिकाणी मला आपलंसं मानलं जातं.’ चौसष्टपैकी एकसष्ट जणींनी पाच दिले होते. मी खूश झालो. मग एकोणिसावा आला. ‘माझ्या कामाच्या ठिकाणी मला बाजूला ठेवलं जातं.’ त्यालाही अठ्ठावन्न जणींनी पाच दिले होते. त्याच बायका, तीच सही, तोच अंगठा. माझ्या हातून ओळ सरकली असणार म्हणून मी सगळं पहिल्यापासून भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बायकोला शेजारी बसवून वाचून घेतलं. तिने अर्ध्यातच कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “अहो, पावण्यांना सांगतात तसं सांगितलंय ह्यांनी. त्यात काय बघताय?”

मी दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर दोन्ही आकडे ठेवले. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून माणूस डोकावला. मग एकदम थांबल्या आणि रेश्माला बोलावून घेतलं.

“तुझी आई बी ह्यात हाय न्हवं? काय सांगितलं तिनं?”

“पाच, मॅडम.”

“कुठल्या प्रश्नाला?”

“सगळ्यालाच. मीच लिवून घेतलं.” रेश्मा खाली बघत म्हणाली. “आई म्हणाली, एवढ्या लांबनं पोरी आल्यात, कागूद घेऊन. पावण्यास्नी कशाला न्हाय म्हणायचं? त्यांचा कागूद हाय, त्यांच्या मनासारखा होऊ दे.”

“आगं, पण तू तिची पोरगी. तू कुठली पावणी?”

“घरात इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की. पण मी कागूद घेऊन गेलतो.”

मॅडमनी दोन्ही आकड्यांचा कागद उचलून पुन्हा पाहिला. मग मला म्हणाल्या, “सव्वीस वर्षं मी दुसऱ्याला इचारतोय, कुणाला इचारलं म्हणून. इचारायला कोण गेलं, हे कधी इचारलंच न्हाय.”

आठवड्याने एरिक सरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. मी आकड्यांसाठी कोपऱ्यात होतो. सातव्या प्रश्नावर एरिक सर अक्षरशः भारावले होते. इतक्या देशांत हे प्रश्न विचारले, आपलेपणा इतका कुठेच आढळला नव्हता, असं ते म्हणाले. एकोणिसाव्याबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. उलट बाजूने विचारलेला प्रश्न कमी शिकलेल्या लोकांना समजत नाही, हे नेहमीचं आहे, तो प्रश्न वगळून टाकू.

मॅडम शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, “त्यांनी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे. मग सातवा समजला आणि एकोणिसावा समजला नाही, हे आपण कशावरून ठरवलं? ही उत्तरं कारखान्याबद्दल नाहीत. तो त्यांनी तुमचा केलेला पाहुणचार आहे.”

डायरेक्टर सर घाईने पुढे झुकून म्हणाले, “मॅडमना म्हणायचंय की त्यांना या निष्कर्षाचा फार आनंद झालाय.” पडद्यावर एरिक सरांनी दोन्ही हात जोडले.

त्यानंतरचे पाच आठवडे, सुट्टीच्या दिवशी आणि मिळेल त्या दुपारी, मॅडम एसटीने कबनूरला गेल्या. कागद नेला नाही. रेश्माच्या आईच्या, म्हणजे सुरेखाच्या, शेजारी बसून कांडी भरायला शिकल्या. त्यांचा धागा सारखा तुटायचा. दोन वेळा मीही गेलो होतो. कोण कुठे बसतं आणि दिवसात किती वेळा उठतं याची नोंद हवी होती. पण मला त्यांनी दारातच थांबवलं. “तुमी आत आला की ह्या पदर सारखा करत बसत्यात आन् गप्प ऱ्हात्यात. भायेर बसा. दारातनं दिसंल तेवढं लिवा.” म्हणून मी बाहेरच्या कट्ट्यावर वही घेऊन बसलो. मागांच्या खडखडाटातूनही आतलं बोलणं ऐकू यायचं, कारण तिथे सगळ्या ओरडूनच बोलतात.

“बाई, ह्या तुमच्या कांडीचं कापड निगालं, तर मालक आमास्नी हाकलंल.”

“हाकलू दे. माझ्या वर्गात या.”

“आन् तितं काय करू? तुमी बोलल्याली ऐकत बसू?”

“न्हाय. मी गप्प बसतो, तुमी बोला.”

“ह्या बाईस गप्प बसाय येतंय व्हय गं?” यावर आत मोठा हशा झाला.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मॅडम धावतच माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा असा, की मला वाटलं पदोन्नतीचं पत्र आलं.

“चौगुले, न्हाय म्हणाल्या!”

“कोण?”

“सुरेखा. मी इचारलं, उद्या येऊ का? म्हणाली, नगं, उद्या लई गडबड हाय, तुमचा धागा गाठत बसायला येळ न्हाय. लिवा, तारीख टाका.” मी लिहिलं. आमच्या कार्यालयात नकाराची नोंद पेढे वाटल्यासारखी झाली, ती तेवढी एकदाच.

त्या दिवसापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली. आपलेपणा वगैरे काही नाही. कुणाला नावाने हाक मारतात आणि कुणाला ‘ए कांडी’ म्हणतात. पंखा कुणाच्या डोक्यावर आहे. पगार हातात कुणाच्या देतात, बाईच्या की तिच्या नवऱ्याच्या. जेवायला कोण कुणाशेजारी बसत नाही. उत्तरं चौसष्ट जणींची नव्हती, अकराच जणींची होती. पण प्रत्येक उत्तर वेगळं होतं, काही एकमेकींना खोडणारी होती. एक बाई तर म्हणाली की तिला तिथे घरापेक्षा बरं वाटतं, मॅडमनी तेही तसंच उतरवलं. मी तक्ते केले. आयुष्यात पहिल्यांदा मला न जुळणारे आकडे आवडले.

ते सगळं त्यांनी एरिक सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. ही माहिती हृदयस्पर्शी आहे, असं त्यांनी लिहिलं. पण ती पक्क्या प्रश्नावलीतून आलेली नसल्यामुळे निबंधात घेता येत नाही. पुढे कधीतरी पुस्तक केलं तर प्रस्तावनेत उपयोग होईल. निबंध सातव्या प्रश्नावर उभा राहील.

पदोन्नतीच्या अर्जाची अखेरची तारीख आली. दुपारी चारला मॅडम माझ्या संगणकासमोर बसल्या होत्या. पडद्यावर निबंध होता, स्वीकारला गेल्याचं पत्र होतं, दुसरं नाव त्यांचं होतं. खाली एक छोटा चौकोन. त्यात खूण केली की लेखक म्हणून संमती नोंदवली जाणार होती. त्याची प्रत मी फाइलला जोडायची, आणि पाचच्या आत फाइल पुढे पाठवायची. डायरेक्टर सर स्वतः खाली आले होते. त्यांना वाईट म्हणवत नाही मला. मॅडमना पद मिळावं असं त्यांनाही मनापासून वाटत होतं, आणि मानांकनही मिळावं असं त्याहून जास्त वाटत होतं.

“मॅडम, एक खूण आहे फक्त. निबंध कोण वाचतंय?”

“चौगुले,” मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, “दोन्हीकडं पाच देणाऱ्या किती?”

“सत्तावन्न.”

“चौसष्टात?”

“चौसष्टात.”

“सर, त्या सत्तावन्न जणींनी बी एक खूणच केलीया. पावण्याचा मान ठेवला त्यांनी. मी एरिक सरांच्या बरोबरीची हाय, निबंधावर नाव शेजारी हाय माझं. बरोबरीच्या माणसाला न्हाय म्हणता आलं पायजे. मी बी व्हय म्हणलो, तर मग अठ्ठावन्नावी की मी.”

“आप्पांना काय सांगाल?” मी विचारलं. मी विचारायला नको होतं.

“खरं सांगतो,” त्या म्हणाल्या. खुर्ची मागे सारली, चौकोन रिकामा ठेवला, आणि वर्गावर गेल्या. साडेचारचा तास होता. पाच वाजता मी फाइल निबंधाशिवाय पुढे पाठवली. ती महिन्याभरात अपेक्षेप्रमाणे परत आली.

निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्या जागी डायरेक्टर सरांचं नाव आहे. ते कबनूरला कधी गेल्याची नोंद माझ्याकडे नाही. संस्थेला मानांकन मिळालं, समावेशनाच्या विभागात आम्हाला विशेष उल्लेख मिळाला, आणि प्रमाणपत्राची चौकट दर्शनी भिंतीवर आहे. रॅम्पवर कुंड्या आहेत. आता सोळा झाल्या. समितीची बैठक वर्षातून दोनदा होते. मे महिन्यात मॅडम सहयोगी प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात डायरेक्टर सर म्हणाले की मॅडमना संस्थेत नेहमीच आपलंसं वाटलं. टेबलाच्या टोकाकडून काही आवाज येतो का, म्हणून चार-पाच जणांनी माना वळवल्या. मॅडम नुसत्या हसल्या. आप्पांना त्यांनी खरं सांगितलं होतं. आप्पा म्हणाले म्हणे, “बरं. पोस्टमनला सांगू नगं.”

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जूनमध्ये, कबनूरला, माग बंद असण्याच्या दिवशी. त्या कायमच्या चंदगडला जाणार होत्या, सामान अर्धं गेलं होतं. जाण्याआधी अकरा जणींच्या उत्तरांची छोटी मराठी पुस्तिका छापायची होती. लेखक म्हणून अकराही नावं आणि मॅडमचं, सगळी वर्णानुक्रमाने. रेश्माचं नाव मांडणीसाठी. तक्ते माझे, म्हणून मला बोलावलं होतं. छापण्याआधी कच्ची प्रत वाचून दाखवायची, असा त्यांचा आग्रह.

सुरेखाच्या घरासमोर चटई टाकली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर निवडायला तांदूळ होते. मॅडम मोठ्याने वाचत होत्या. चौथ्या पानावर वाक्य आलं, ‘या कारखान्यात कांडी भरणाऱ्या स्त्रियांसाठी पिण्याच्या पाण्याची सोय नाही.’ माझ्या मते ते पुस्तिकेतलं सर्वांत भक्कम वाक्य होतं.

“थांबा,” सुरेखा म्हणाली. “कोण म्हणालं पाणी न्हाय?”

“तुमी सगळ्या तर भायेर जाऊन पिता की गं. मी पाच आठवडं बघितलंय.”

“बघितलंसा, इचारलं न्हाईसा. पाणी हाय आत. थंडगार हाय. भांडं न्हाय. भांडं दिवाणजीच्या टेबलावर आसतंय आन् ते आमी उचलायचं नसतंय. हे चुकीचं लिवलंय, बाई. खोडा.”

तांदूळ निवडणारी वर न बघता म्हणाली, “आन् स्त्रिया बी खोडा. बायका लिवा.”

रेश्मा आईकडे डोळे वटारून बघायला लागली. मी तक्त्यांच्या कागदात डोकं घातलं. मॅडमनी प्रत गुडघ्यावर ठेवली, पेनचं टोपण दातांनी ओढलं, आणि ते वाक्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोडलं. मग चटईवरच सरकत सरकत सुरेखाच्या जवळ गेल्या, कोरी जागा तिच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “सांग. तू सांगशील तसं लिवतो.”